हात हवेत, रक्त नको

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल कामगार तिकडे पाठविण्याचे ठरविले. 'कुशल मनुष्यबळ' हा शब्द त्यामुळे पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी झाला. मनुष्यबळ हा मोठा मार्मिक समास आहे. त्यातील 'बळ' सर्वांनाच हवे असते. त्या बळाबरोबर मनुष्यही येतो, त्याला शरीर असते, त्या शरीरात आई-बापांकडून आलेले रक्त असते, ही गोष्ट मात्र मागणाऱ्याला आणि पाठविणाऱ्यालाही अडचणीची वाटते.

ही अडचण कशी उभी राहते हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरचेच, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादचे, एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. कन्नड तालुक्यातील एक मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून साचे व हत्यारे बनविण्याची विद्या घेऊन बाहेर पडला आणि वाळूजच्या एखाद्या कारखान्यात संगणकनियंत्रित यंत्रांचे प्रोग्रॅम लिहू लागला. दहा वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, इंग्रजी बरे आहे. त्याच्या कौशल्याचे माणूस कॅनडाला हवे आहे, ऑस्ट्रेलियालाही हवे आहे. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मोजले तर तो उत्तीर्ण होतो. मग वैद्यकीय तपासणी होते आणि त्याला तीव्र हिमोफिलिया असल्याचे कागदावर येते.

हिमोफिलियात रक्त गोठविणारे एक प्रथिन, फॅक्टर आठ किंवा फॅक्टर नऊ, जन्मतःच अपुरे असते. दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. जखम झाल्यावर रक्त थांबत नाही एवढीच या रोगाची सामान्य कल्पना असते. पण खरा छळ सांध्यांचा आहे. गुडघा, घोटा, कोपर यांत आतल्या आत रक्तस्राव होत राहतो आणि उपचार न मिळाल्यास ऐन तारुण्यात माणूस पांगळा होतो. हाच फॅक्टर ठरलेल्या अंतराने शिरेतून दिला तर तो कामावर जातो, संसार करतो. स्वीडनमध्ये १९५८ पासून अशा प्रतिबंधक उपचाराची पद्धत सुरू झाली. म्हणजे हा रोग काम करू देत नाही असे नाही. काम करू देण्यासाठी त्याला औषध लागते, आणि औषध महाग आहे. आपल्या उदाहरणातील तंत्रज्ञ परदेशाकडे डोळे लावतो तो केवळ पगारासाठी नव्हे. आपल्याकडे जे औषध या महिन्यात मिळाले ते पुढच्या महिन्यात मिळेलच याची शाश्वती नसते. तिकडे ती असते. मात्र ज्या कारणासाठी त्याला जावेसे वाटते त्याच कारणासाठी त्याला येऊ दिले जात नाही.

कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतरित व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार, ज्याच्या प्रकृतीमुळे आरोग्य वा सामाजिक सेवांवर 'अवाजवी भार' पडण्याचा संभव आहे अशा परकीयाला प्रवेश नाकारता येतो. भार अवाजवी केव्हा? एक मर्यादा आखून दिली आहे. २०१८ साली टीका झाल्यावर ती तिपटीने वाढविण्यात आली आणि २०२४ साली ती वर्षाला २६,२२० कॅनेडियन डॉलर होती. तीव्र हिमोफिलियाच्या प्रतिबंधक उपचाराचा तिकडचा खर्च ही रेषा कित्येक पटींनी ओलांडतो. ऑस्ट्रेलियातही असाच आकडा आहे. १ जुलै २०२४ पासून तो ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आला. अपंगांविरुद्धच्या भेदभावाला प्रतिबंध करणारा तेथील १९९२ चा कायदा पुष्कळ चांगला समजला जातो, पण स्थलांतराचा कायदा त्याच्या कक्षेतून वगळलेला आहे. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क करारावर शिक्कामोर्तब करताना, परकीयांना लावल्या जाणाऱ्या आरोग्याच्या अटींना या कराराने बाधा येत नाही असा आपला समज ऑस्ट्रेलियाने लेखी नोंदवून ठेवला. समानतेचे तत्त्व मान्य, पण दाराच्या आतल्यांसाठी.

आणि दार एकट्यालाच बंद होत नाही. समजा तंत्रज्ञ स्वतः ठणठणीत आहे, पण त्याच्या मुलीला थॅलसेमिया मेजर आहे. तिला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातून साचणारे लोह बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. कुटुंबातील एकजण अपात्र ठरला की अर्जदारही अपात्र, असा दोन्ही देशांतील सर्वसाधारण नियम आहे. याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. कॅनडातील नागरिकाने आपला जोडीदार किंवा अवलंबून असलेले मूल बोलावून घेतले तर 'अवाजवी भारा'ची अट त्यांना लागू होत नाही. निर्वासितांनाही होत नाही. या सवलती योग्यच आहेत. परंतु त्यामुळे एक गोष्ट उघड होते. भाराचा हिशेब प्रामुख्याने केला जातो तो श्रम घेऊन येणाऱ्याचा. माणूस म्हणून आलेल्याला सूट आहे. कामगार म्हणून आलेला तराजूत बसतो.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते समाजवाद्यांनी गंभीरपणे घ्यावे असे आहे. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था ही कामगार चळवळीने झगडून मिळविलेली ठेव आहे. जगातील सर्व रोग्यांना ती खुली केली तर ती कोसळेल आणि मग गरीब नागरिकाचेच नुकसान होईल. तेव्हा तिचे रक्षण करणे हे पुरोगामी कर्तव्यच ठरते. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण तो मांडणारा सार्वजनिक विमा आणि खाजगी विमा यांतील भेदच विसरलेला असतो. निरोगी निवडून घ्यायचे आणि रोगी वगळायचे हा खाजगी विमा कंपनीचा धंदा झाला. सार्वजनिक व्यवस्थेचे वैशिष्ट्य हे की जो कमावतो तो कर वा वर्गणी भरतो आणि जो आजारी पडतो त्याला उपचार मिळतात; दोन्ही रांगांत एकच माणूस उभा असू शकतो. आपला तंत्रज्ञ भिक्षापात्र घेऊन उभा नाही. तो वर्गणीदार होण्यासाठी निघालेला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या हिशेबातला दोष तर कोणत्याही शिकाऊ कारकुनाच्या लक्षात यावा. वहीत एकच रकाना आहे, खर्चाचा. माणूस पाच वर्षांत किती औषध खाईल हे मांडले जाते. तो किती कर भरील, किती उत्पादन करील, किती शिकाऊ मुले तयार करील, याला त्या वहीत जागा नाही. आणखी एक मोठी रक्कम गाळली जाते. त्याच्या जन्मापासून पंचविशीपर्यंतचे पोषण, शाळा, प्रशिक्षण आणि त्याच्या वाट्याला आले तेवढे औषध, यांचा खर्च कोणी केला? कन्नडच्या शेतकऱ्याने आणि भारताच्या करदात्याने. तयार झालेला कारागीर उचलताना त्याची किंमत शून्य धरायची आणि त्याच्या औषधाची पै न् पै मोजायची! दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निस्सारणाचा जो हिशेब मांडला त्यात इंग्रज निदान जाताना पैसा नेत होता आणि माणूस मागे टाकत होता. आता माणूसच नेला जातो, तोही निवडून. १९७०च्या दशकात जगदीश भगवतींनी देश सोडून जाणाऱ्या बुद्धिमंतांच्या उत्पन्नावर कर बसवून तो मायदेशाला द्यावा अशी सूचना केली होती. श्रीमंत देशांनी ती कधी मनावर घेतली नाही. बुद्धीचा हिशेब मागितला की ती व्यक्तीची खाजगी बाब ठरते, रक्ताचा हिशेब मात्र सार्वजनिक होतो.

शिवाय हा हिशेब न्याय्यही नाही, कारण तो सर्वांना सारखा लागू होऊच शकत नाही. अर्जदार वर्षभराने हृदयविकाराने आजारी पडेल, पाच वर्षांनी त्याला कर्करोग होईल, हे तपासणीत दिसत नाही. तो आत जातो, आजारी पडतो आणि त्याच्यावर उपचार होतात, आणि ते व्हावेतच. अडकतो तो जन्मापासून नोंद असलेला रोगी. म्हणजे येथे शिक्षा होते ती आजाराला नव्हे, आजार आधी माहीत असण्याला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हिलेविट्झ खटल्यात प्रत्येक अर्जदाराची परिस्थिती स्वतंत्रपणे पाहावी, त्याची खर्च सोसण्याची ऐपत आणि तयारीही विचारात घ्यावी, असा निर्णय दिला. निर्णय उदार होता, पण त्याचा पहिला लाभ कोणाला झाला? पदरचा पैसा दाखवू शकणाऱ्यांना. कामगाराने काय दाखवावे?

असे नियम आकाशातून पडलेले नाहीत. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्याने स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या आणि 'सार्वजनिक भार' होऊ शकणाऱ्या माणसाला बंदरावरूनच परत पाठविण्याची सोय केली. एलिस बेटावर उतरणाऱ्यांच्या कोटावर डॉक्टर खडूने खुणा करीत. आज खडू गेला, संगणक आला. अमेरिकेतच रक्तावरून माणसाची पारख करण्याचे प्रकार घरच्या नागरिकांच्या बाबतीतही झाले. सिकलसेलचा केवळ वाहक असलेला, म्हणजे स्वतः रोगी नसलेला तरुण १९८१ पर्यंत तेथील हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश घेऊ शकत नव्हता. यात बहुतेक कोणत्या वर्णाचे तरुण वगळले गेले असतील हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग नाही असेही नाही. ब्रिटनने कुशल कामगाराला रोगामुळे नाकारण्याऐवजी बहुतेक सर्व स्थलांतरितांवर आरोग्य-अधिभार बसविला. २०१५ साली वर्षाला २०० पौंडांपासून सुरू झालेला हा अधिभार २०२४ च्या फेब्रुवारीत १,०३५ पौंडांवर गेला. जो आधीच प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरतो त्याच्याकडून हे तिसरे शुल्क घेणे लुबाडणूकच होय. तथापि रक्ताची परीक्षा तरी त्यात नाही. जर्मनीत सार्वजनिक आजारविमा निधीला नोकरी लागलेल्या माणसाला त्याच्या जुन्या रोगामुळे नाकारता येत नाही. या व्यवस्थेचा पाया बिस्मार्कने १८८३ साली घातला. समाजवाद्यांवर १८७८ मध्ये बंदीचा कायदा आणून झाला होता, तरी त्यांची भीती जात नव्हती. म्हणून कामगाराला विमा द्यावा लागला. भीतीपोटी दिलेले दान दीडशे वर्षांच्या आसपास टिकले आहे, आणि जर्मनीचे उद्योग त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आता ज्या रक्ताचा एवढा बाऊ केला जातो त्याच्या व्यापाराकडे वळू. फॅक्टर आठ पूर्वी केवळ माणसाच्या रक्तद्रवापासून काढला जाई. कृत्रिम रीतीने तयार होणारा फॅक्टर आल्यावरही रक्तद्रवाचा धंदा जोरात आहे. जगात औषधांसाठी गोळा होणाऱ्या रक्तद्रवाचा सुमारे दोन तृतीयांश भाग एकट्या अमेरिकेतून येतो. तेथे तो पैसे देऊन घेतला जातो, आणि देणारा अर्थातच गरजू असतो. मेक्सिकोतील माणसे प्रवासी परवान्यावर सीमा ओलांडून रक्तद्रव विकण्यासाठी जात असत. २०२१ साली अमेरिकी सीमाखात्याने हे बेकायदा श्रम ठरवून थांबविले. कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्या बंदीला स्थगिती मिळाली. रक्त विकायला येणारा चालतो. रक्त लागणारा चालत नाही. ब्रिटनमध्ये १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकेतून आयात केलेल्या फॅक्टरने, ज्यात कैद्यांच्या रक्तद्रवाचाही समावेश होता, हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्ही आणि काविळीची लागण झाली. दूषित रक्तामुळे तेथे एकंदर ३०,००० हून अधिक लोक बाधित झाले आणि सुमारे ३,००० मृत्युमुखी पडले, असे २०२४ च्या मे महिन्यात सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीने नोंदविले. त्या नफ्याच्या खात्यावर 'अवाजवी भार' असा शिक्का कोणी मारला नाही.

औषधाची किंमत हाही याच खात्याचा भाग आहे. हिमोफिलिया बी साठीच्या जनुकीय उपचाराला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली तेव्हा एका रुग्णासाठी त्याची किंमत ३५ लाख डॉलर ठरविण्यात आली. ही किंमत रक्ताच्या दोषातून येत नाही. ती पेटंटातून आणि मक्तेदारीतून येते. थॅलसेमियातील लोह काढणारे पहिले तोंडावाटे घेण्याचे औषध, डेफेरिप्रोन, १९९०च्या दशकात प्रथम भारतात मान्य झाले आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणले. तोवर मुलांना रात्र-रात्र सुई टोचून पंप लावावा लागे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी हिमोफिलिया ए वर जनुकीय उपचाराचा प्रयोग पाच रुग्णांवर करून २०२४ च्या डिसेंबरात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भार कमी करण्याची विद्या आपल्याकडेही आहे. ज्याला 'रुग्णाचा भार' म्हणतात तो पुष्कळ अंशी कंपनीचा नफा असतो. रुग्णाला हमाल करून त्याच्या पाठीवर तो लादलेला असतो, इतकेच.

येथवर वाचून ज्यांची छाती अभिमानाने फुगली असेल त्यांनी आता घरचा जमाखर्च पाहावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकलसेल यांना प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. मोठी गोष्ट झाली. उच्च शिक्षणाच्या राखीव जागांचे कलम ३२ या रुग्णांना लागू होते. पण सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखणारे कलम ३४ उघडले की दृष्टिहीन, कर्णबधिर, अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, स्वमग्न, मनोरुग्ण यांची नावे आढळतात. रक्तदोषाच्या तीन रोगांचे नाव नाही. शिका म्हणतात, नोकरी मागू नका म्हणतात. ओटावाच्या अधिकाऱ्याने निदान एक आकडा तरी दाखविला. दिल्लीने तेवढाही दाखविला नाही.

नोकरी खाजगी कारखान्यात मिळाली तर? राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा २०१७ च्या जानेवारीत २१,००० रुपये करण्यात आली. दिव्यांगांसाठी ती २५,००० होती. आपला तंत्रज्ञ जोवर कमी कुशल होता तोवर विम्यात होता. कौशल्य वाढले, पगार वाढला, मर्यादा ओलांडली, आणि ज्या वर्षी त्याने पगारवाढीचे पेढे वाटले त्याच वर्षी तो विम्याबाहेर पडला. कौशल्यविकासाचा जप करणाऱ्या राज्यात कुशल होण्याचा हा दंड आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्ययोजना शस्त्रक्रिया आणि ठराविक उपचारांच्या पॅकेजांवर उभी आहे. आयुष्यभर दर पंधरवड्याला लागणाऱ्या बाटलीभर रक्ताचा वा आठवड्याच्या सुईचा प्रश्न तशा पॅकेजात बसविणे अवघड असते. मग राहते ते 'घाटी'. मराठवाड्याच्या गरिबांचा भार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयाने पिढ्यान् पिढ्या वाहिला आहे, परंतु परळीच्या किंवा परतूरच्या माणसाने एका सुईसाठी दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे किती वेळा मोडावे? आणि रक्त मिळाले तरी ते निर्धोक असेलच असे नाही. नागपुरात २०२२ च्या मे महिन्यात नियमित रक्त घेणाऱ्या चार थॅलसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले; त्यांतील एक दगावले होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोटीस काढली. २०२५ च्या ऑक्टोबरात झारखंडातील चाईबासा येथेही थॅलसेमियाच्या मुलांच्या बाबतीत असाच प्रकार बाहेर आला. पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली, हे चांगलेच झाले. पण दात्याने फुकट दिलेले रक्त नीट तपासण्याची जबाबदारी त्याबरोबर बंद झाली नव्हती.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरच्या आदिवासी तरुणांच्या हाती आता आपल्या रक्ताच्या प्रकाराचे कार्ड येईल. तपासणी आवश्यकच आहे. पण हे कार्ड उद्या भरतीच्या ठेकेदाराने मागितले तर काय करायचे? अमेरिकेने नोकरी आणि आरोग्यविमा यांत आनुवंशिक माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास २००८ साली कायद्याने मनाई केली. आपल्याकडे कार्ड आधी निघाले.

भारताने जर्मनीशी २०२२ च्या डिसेंबरात आणि ऑस्ट्रेलियाशी २०२३ च्या मे महिन्यात स्थलांतराविषयी करार केले. परदेशी कष्टणाऱ्या भारतीयांनी २०२४ साली मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले असा जागतिक बँकेचा अंदाज होता. एवढ्या रकमेचा धनी असलेला देश वाटाघाटीच्या टेबलाशी याचकासारखा का बसतो? भारताने शिकवून दिलेल्या कामगाराच्या किंवा त्याच्या मुलाच्या आनुवंशिक रोगाचा खर्च मोजायचाच असेल, तर त्याच्या कराची आणि त्याच्यावर येथे झालेल्या खर्चाची वजावट धरूनच मोजावा, एवढी एक अट घालायला हरकत नव्हती. पुढच्या फेरीत ती घालावी, आणि बाडेन-वुर्टेम्बर्गला जाणाऱ्या तुकडीची निवड येथे करताना आपलेच अधिकारी आगाऊ शहाणपणाने रक्तदोष असलेल्यांना बाजूला काढणार नाहीत, याची हमी मुंबईने द्यावी. जर्मन विमा ज्याला नाकारत नाही त्याला मराठी कारकुनाने नाकारायचे कारण नाही.

परक्या देशांचे कायदे बदलायला वेळ लागेल. ते बदलतील की नाही हेही आपल्या हाती नाही. विम्याची वेतनमर्यादा या रुग्णांपुरती काढून टाकणे, जिल्हा रुग्णालयात फॅक्टर आणि तपासलेले रक्त बारमाही ठेवणे, आणि कलम ३४ मध्ये तीन रोगांची नावे घालणे यांसाठी मात्र ओटावाची किंवा कॅनबेराची परवानगी काढावी लागत नाही.